लाकूड गप्प बसवायचं काम

श्टुटगार्ट, श्रावण

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बारक्याने तुम्हाला मी बनवलेल्या सबवूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या बॉक्सचा फोटो दाखवला, आवाज किती खोल येतो तेही सांगितलं. तुम्ही मात्र फोनवर विचारलंत, "जोड कसले घातलेस?" घरात असं विचारणारे तुम्ही एकटेच, म्हणून फोनवर न सांगता पत्रात सगळं लिहिते. वाचून झालं की शिनोळीच्या काकांनाही द्या. चंदगडाकडच्या भजनी मंडळींना आवाजाचा नाद आहे आणि काकांना लाकडाचा.

आधी बॉक्स का लागतो ते सांगते. स्पीकरचा कागदी शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर खालच्या स्वरात या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि ढोलाचा ठोका ऐकूच येत नाही. म्हणजे मागची लाट कुठेतरी कोंडायला हवी. माझा बॉक्स चहूबाजूंनी बंद आहे, त्याला भोक किंवा नळी नाही. आत कोंडलेली हवाच शंकूला मागे ढकलते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो परत उसळतो ना, तसं. अमेरिकेत एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये याच हवेच्या स्प्रिंगवर छोट्या आकाराचा स्पीकर बाजारात आणला. त्याआधी खोल आवाज हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं.

आता तुमच्या कामाचं. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि तबलीवर, म्हणजे तोंडावरच्या लाकडी फळीवर, जीव ओततात, कारण तिथे लाकडाने बोलायचं असतं. इथे बरोबर उलटं आहे. या बॉक्सच्या लाकडाने एक अक्षर बोलायचं नाही. पखवाजाचा डावा हात पडला की त्या ठोक्यात भर घालायचा अधिकार फळीला नाही. फळी थरथरली तर ती आपला स्वर मिसळते आणि प्रत्येक गाण्यात तोच एक घुमारा ऐकू येतो. बाजारातल्या स्वस्त बॉक्सचा "धम्म" आवाज लोकांना भारी वाटतो, पण माझ्या मते त्यात निम्मा आवाज पातळ फळीचा असतो.

म्हणून मी १८ मिलीमीटरचं बर्च प्लाय घेतलं. इथल्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरकामाच्या मोठ्या दुकानात, माप दिलं की फळ्या यंत्रावर कापून देतात. कोन इतका नेमका येतो की गुण्या लावून बघताना तुम्हीही मान डोलावाल. पुढची फळी दुहेरी केली, एकावर एक चिकटवून ३६ मिलीमीटर. जाडी दुप्पट झाली की फळी वाकवायला आठपट जोर लागतो, आणि स्पीकरचा सगळा भार पुढच्याच फळीवर येतो. मधे चार मोठी भोकं पाडलेली आडवी फळी बसवली, तीही बरोबर मध्यावर नाही, थोडी सरकवून. मध्यावर बसवली तर दोन्ही बाजूंचे तुकडे सारख्या मापाचे होतात आणि एकाच स्वरावर थरथरतात. फळी बसवायच्या आधी बोटाच्या पेराने ठोकलं तर पोकळ टणका यायचा. नंतर नुसतं "ठक". तो आवाज ऐकून मला फार समाधान झालं.

आणि जोड. देव्हाऱ्याला घालता तसे डवटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे दातेरी जोड, नाही घातले. काठाला खाच पाडून फळी तिच्यात बसवली, सगळीकडून डिंक आणि क्लॅम्प. प्लायच्या जोडाला खाचेमुळे चिकटायला दोन बाजू मिळतात. नंतर आतल्या प्रत्येक कोपऱ्यातून डिंकाची जाड रेघ फिरवली. इथे जोडाची ताकद जेवढी महत्त्वाची तेवढंच हवाबंद असणं महत्त्वाचं. फट राहिली तर दाबलेली हवा तिथून फुसफुसते आणि ते ऐकू येतं. घरी बघायचं झालं तर खालच्या पट्टीतला एक लांब स्वर लावायचा आणि पेटती उदबत्ती जोडाजवळून फिरवायची. धूर थरथरला की फट तिथेच.

मापाचं गणित बारक्याला वाचून दाखवा, त्याच्याकडे पडून असलेल्या बारा इंची स्पीकरसाठी तेच लागणार आहे. प्रत्येक चांगल्या स्पीकरबरोबर आकड्यांचा कागद येतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ही रीत मांडली आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती पूर्णत्वाला नेली, म्हणून त्या आकड्यांना थील-स्मॉल म्हणतात. त्यातले तीन लागतात: क्यूटीएस, म्हणजे शंकू हलल्यावर किती रेंगाळतो; व्हीएएस, म्हणजे शंकूच्या लवचिकतेइतकीच स्प्रिंग देणारी हवा किती; आणि एफएस, म्हणजे मोकळा शंकू आपणहून ज्या स्वरावर हलतो तो. माझ्या स्पीकरचा क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर आणि एफएस २८ हर्ट्झ. बंद बॉक्समध्ये ठोका उठून लगेच थांबावा, रेंगाळू नये, यासाठी बॉक्ससकट स्पीकरचा क्यू ०.७०७ धरतात. ०.७०७ ला ०.४५ ने भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा, त्यातून १ वजा करायचा आणि ६० ला त्या आकड्याने भागायचं. साधारण ४१ लिटर येतात. स्पीकरचं चुंबक आणि आतली फळी जागा खातात, त्यासाठी ४ लिटर वाढवले. आतून ३६ बाय ३६ बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटर. या मापात ४४ हर्ट्झच्या खाली आवाज हळूहळू उतरतो. नळीचा बॉक्स आणखी खाली जातो, पण त्याच्या मर्यादेपलीकडे दुप्पट वेगाने कोसळतो आणि तिथे शंकू मोकाट हलतो. भजन आणि शास्त्रीय गाणं ऐकायचं असेल तर बंदच बॉक्स बरा, हे माझं ठाम मत.

आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरला. त्याने हवेला आपण आहोत त्यापेक्षा थोड्या मोठ्या खोलीत आहोत असं वाटतं. स्पीकर थेट लाकडात स्क्रू घुसवून आवळला नाही, मागून टी-नट, म्हणजे फळीत ठोकून बसवायचे धातूचे आट्यांचे नट, बसवले, म्हणजे कितीदा खोलला तरी लाकूड झिजणार नाही. गोल भोक राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने पाडलं. तुम्ही जिगसॉने पाडून कानशीने काठ साफ केलात तरी चालेल, वरून स्पीकरची कड आणि फोमची पट्टी येते.

पॉलिशबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचंच होतं. मी १२०, १८० आणि २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून हार्ड वॅक्स ऑइलचे पातळ हात दिले. प्लायच्या कडा लपवल्या नाहीत, बर्चचे एकावर एक थर मला सुंदर दिसतात. (तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा. वाळताना ती आतून तापतात आणि कधीकधी पेट घेतात.) पण तुमच्या हातच्या लाखेच्या पॉलिशची सर याला नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने गोल गोल हात फिरवून तुम्ही जी खोली आणता ती डब्यातल्या तेलात येत नाही.

खानापूरला करायचा झाला तर एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, नादाला लागू नका. ते स्वस्त आणि आवाजाला चांगलं, पण आपल्याकडच्या पावसात कापलेल्या कडांतून ओल पितं आणि फुगतं. बेळगावहून आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय आणा, आणि घेण्याआधी फळीची कड बघा, थरांमध्ये पोकळ्या नकोत. वरून सागाचं व्हिनियर आणि कडेला सागाचीच पट्टी. कापून जोडायला पावसाळ्यातही हरकत नाही, फक्त फेविकॉलला वाळायला जास्त वेळ द्या. लाखेचं पॉलिश मात्र दिवाळी झाल्यावरच. या दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बारक्याला मंडळाच्या मांडवात हा बॉक्स हवा आहे असं दिसतं. त्याला समजावून सांगा, हा घरातला आहे. मोकळ्या मैदानात एका बारा इंची स्पीकरचं काही चालत नाही. ऐकू यावा म्हणून तो आवाज वाढवत जाईल आणि स्पीकरमधली तारेची कॉइल जळेल. मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लावून छातीत धडका देतात, त्याला मी गाणं म्हणत नाही. शेजारी म्हातारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात. इथे रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात, आणि आपल्याकडेही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीचे हेच तास आहेत. मी रात्री तर सोडाच, दिवसासुद्धा बेताने वाजवते, कारण खालचे स्वर जमिनीतून खालच्या बिऱ्हाडात उतरतात. बॉक्सखाली जाड फोम घातला आहे.

घरात जागा शोधायची एक छान युक्ती आहे. आवाज कोपऱ्यात वाढतो, पण घुमतोही. बॉक्स तुमच्या आरामखुर्चीच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि बारक्याने भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल तिथे बॉक्स, आणि खुर्ची परत आपल्या जागी. माजघर कौलारू असल्याने आवाज वरून बाहेर निघून जातो, सिमेंटच्या खोलीएवढा कोंडत नाही. पडवीचे पत्रे मात्र वाजतील, तेवढे खिळे आधी ठोकून घ्या.

लावल्यावर पहिल्यांदा कुमार गंधर्व ऐका. सुळेभावीचे, म्हणजे आपल्याच मातीतले. तबल्याचा डग्गा मोबाइलमध्ये नुसता टिचकीसारखा वाजतो. इथे बोटाने दाबून नेलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येते. आईला ते कळेल, तिचा कान आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला.

बारक्याला सांगा, स्पीकरवरचा मॉडेल नंबर आणि भोकाचा व्यास मिलीमीटरमध्ये मोजून पाठवायचा. ते आल्याशिवाय प्लाय कापू नका, मी माप काढून कळवते. कडेच्या पट्टीला साग घ्यायचा की तुमच्याकडचा जुना शिसव वापरायचा, हे तुम्हीच ठरवा आणि मला सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
थोरली