रोमचा धडा हत्तींपासून सुरू करू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. रोमचा विषय निघाला की फळ्यावर सम्राटांची नावं आणि सनावळ्या उतरतात, मुलं जांभया देतात. यंदा मी हत्तींपासून सुरुवात केली.

इ.स.पू. ५५. पाँपे या सेनानीने लोकांना खूश करायला खेळ भरवले. शेवटचा दिवस हत्तींच्या शिकारीचा. थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, सुटकेची आशा संपल्यावर हत्ती असे केविलवाणे ओरडले, की प्रेक्षक रडत उभे राहिले आणि पाँपेलाच शिव्याशाप देऊ लागले. सिसेरो या रोमन राजकारण्याने त्याच वेळी मित्राला लिहिलं : या प्राण्याचं माणसाशी काही नातं आहे, असं लोकांना वाटलं.

"मग खेळ बंद झाले का, सर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

नाही झाले. इ.स. ८० मध्ये कलोसियम या रोममधल्या भव्य क्रीडागाराच्या उद्घाटनाला नऊ हजार जनावरं मारली, असं डिओ हा इतिहासकार लिहितो. रडणारं शहर तेच आणि टाळ्या वाजवणारंही तेच! यावर वर्ग तास संपेपर्यंत भांडला. एकाने आपल्या बैलगाडा शर्यतीचा विषय काढला. मी त्याला थांबवलं नाही, हे आधीच कबूल करतो.

पुढच्या तासाला पुन्हा सिसेरो. तो किलिकिया (आजच्या तुर्कस्तानातला भाग) या रोमन प्रांताचा सुभेदार. रोममधला त्याचा मित्र कायलियस आपल्या खेळांसाठी बिबटे मागत होता. उत्तर मिस्कील आहे : तुमच्या प्रांतात सापळे फक्त आमच्यासाठीच लावतात, अशी बिबट्यांची तक्रार असून ते शेजारच्या कारियात निघून चालले आहेत म्हणे. प्रांत कशासाठी राबायचे आणि लोकप्रियता कशी विकत घेतली जायची, हे वेगळं समजवावं लागलं नाही.

आणि याच रोमनांनी मार्गारिता नावाच्या शिकारी कुत्रीसाठी संगमरवरावर कविता कोरली. मालकिणीच्या मांडीवर झोपणारी ही कुत्री पिल्लांना जन्म देताना गेली. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाठ्यपुस्तक जाड करू नका, ते पुरेसं जड आहे. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत असे पाच-सहा उतारे सोप्या मराठीत द्या आणि परीक्षेत 'केव्हा'ऐवजी उताऱ्यावरचा एक प्रश्न येऊ द्या. उताऱ्यांचं मराठी करायला मी दिवाळीच्या सुट्टीत बसायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक इतिहास शिक्षक