आप्पांच्या पासवर्डची गोष्ट, आणि तुझ्यासाठी एक विनंती

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितोय. आप्पांचं पतसंस्थेच्या साइटवर लॉगिन का होत नव्हतं, ते सापडलं. सापडायला दीड दिवस गेला आणि त्या दीड दिवसात आप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं, रिटायरमेंटचे पैसे पतसंस्थेत एफडीत आहेत ना, साइट उघडेना म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

पहिलं म्हणजे स्क्रीनवर वॉर्निंग आली तेव्हा तू त्यांना सांगितलंस, 'काका, अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा', ते पुढे जायचं बटण त्यांना सापडलंच नाही. कारण ते नव्हतंच. क्रोमने स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, युअर क्लॉक इज बिहाइंड, म्हणजे तुमचं घड्याळ मागे आहे. घरचा जुना डेस्कटॉप, लाइट गेली की तारीख थेट 2009 वर जायची! साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि कॉम्प्युटरच्या लेखी 2009 चालू असेल तर ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. मग जीमेलही उघडेना, काहीच उघडेना. मदरबोर्डवरचा, लाइट गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेल बदलला, तारीख नीट लावली, झालं. सगळ्याच साइटवर एकदम वॉर्निंग आली ना की आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं, हे मी आता आप्पांच्या वहीत लिहून दिलंय.

पण खरा त्रास पुढे होता. पतसंस्थेची साइट उघडली, आप्पांनी पासवर्ड टाकला, परत तेच लॉगिनचं पान. चुकीचा पासवर्ड असंही म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, नुसतं परत तिथंच. त्यांना वाटलं आपणच विसरलो, त्यांनी तीनदा रिसेट केला आणि अकाउंट लॉक! मी बघितलं तर वर पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' लिहिलेलं, बुकमार्क जुना होता, एचटीटीपीवाला, एस नसलेला. एचटीटीपीएस म्हणजे माहिती कुलूपबंद जाते, नुसतं एचटीटीपी म्हणजे उघडी. लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक कुकी देते, समज बिल्लाच, आणि ह्या साइटने त्यावर सिक्युअर असं मार्क केलेलं, म्हणजे एचटीटीपीएस असेल तरच घ्यायचा. ब्राउझर साध्या कनेक्शनवर तो घेतच नव्हता, मग पुढच्या पानाला आप्पा अनोळखीच. बुकमार्कमध्ये एक एस घातला, पतसंस्थेत जाऊन अकाउंट उघडून घेतलं आणि पहिल्या फटक्यात आत गेले. आप्पांनी दोन्ही हात जोडले रे स्क्रीनला.

मला राग ह्याचा आला की तोवर त्यांनी मोबाइलवरून, वाचनालयाच्या फुकट वायफायवर, तोच पासवर्ड त्याच उघड्या पानावर टाकून बघितला होता. एचटीटीपीवर पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जातो, त्या वायफायवर बसलेल्या कुणालाही थोडी खटपट केली तर वाचता येतो. लगेच नवीन पासवर्ड घातला, आणि जिथं जिथं तोच होता तिथं सगळीकडे बदलला.

पतसंस्थेत मी म्हटलं, जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप एचटीटीपीएसवर पाठवा की. ते म्हणाले बाकी सगळ्यांचं चालतंय. सर्टिफिकेट तर त्यांच्याकडे आहे, आणि नसतं तरी लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था 2015 पासून फुकट देतेय, आपोआप रिन्यूही करता येतं. क्रोम 2018 च्या जुलैपासून प्रत्येक एचटीटीपी साइटवर नॉट सिक्युअर दाखवतंय, म्हणजे इतकी वर्षं सभासद ते वाचून गप्प पुढे जातायत. मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

तुझ्यावर राग नाही, तू मदतच करत होतास. पण वडिलधाऱ्यांना 'पुढे जा' सांगू नको रे, आधी काय लिहिलंय ते फोनवर वाचून दाखवायला सांग. आणि काकूंचं खातंही ह्याच पतसंस्थेत आहे ना? त्यांच्या मोबाइलवरचा बुकमार्क रविवारी बघशील? एस नसेल तर आधी तो घाल, मग पासवर्ड बदलून दे आणि मला कळव.

तुझाच