कोपरावरच्या सुजेबद्दल

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. कोपराच्या टोकावर लिंबाएवढं टेंगूळ आलंय आणि घरच्यांनी तुला संधिवाताचा पेशंट ठरवूनही टाकलंय! सांध्याजवळ कुठेही सुजलं की ‘वात आहे’ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. माझ्या खांद्यापायी मी डॉक्टरांचं डोकं भरपूर खाल्लंय, त्या जोरावर चार गोष्टी सांगतो.

हात पूर्ण वाकतो, सरळही होतो, फक्त कोपर टेकवलं की कळ येते, असं तू लिहिलंयस. मला हे महत्त्वाचं वाटलं. सांधाच आतून सुजला असता, तर हात वाकवता-सरळ करताना दुखलं असतं, अडलंही असतं. हाडावरून जिथे कातडी किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) सरकते, तिथे घासू नये म्हणून शरीराने पातळ पिशव्या ठेवल्यात. त्यांना बर्सा म्हणतात. अंगभर मिळून दीडशेच्या आसपास असतात. एरवी आत जेमतेम थेंबभर बुळबुळीत द्रव, त्यामुळे ती तिथे असल्याचा पत्ताही लागत नाही. सारखा दाब पडला, तीच ती हालचाल होत राहिली किंवा मार बसला की आतलं अस्तर चिडतं. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव पाझरतो आणि पिशवी टम्म फुगते. हा बर्सायटिस. तुझी फुगलेली पिशवी बहुधा कातडीच्या लगेच खाली, सांध्याच्या बाहेर आहे. दिवसभर टेबलावर कोपर रोवून बसणारा माणूस तू, कारण शोधायला लांब कशाला जायचं?

माझी पिशवी खांद्याच्या हाडाखाली दडलेली, त्यामुळे वरून काहीच दिसायचं नाही. हात बाजूने वर नेताना अर्ध्या वाटेवर जीव जायचा आणि रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. सूज दिसत नसली की लोकांना दुखणं खोटं वाटतं, हा वेगळाच वैताग. गुडघे टेकून फरशा बसवणाऱ्यांना हेच गुडघ्याच्या वाटीवर होतं, काहींना टाचेच्या मागे.

पण सुहास, दाब हे एकच कारण नसतं. म्हणून डॉक्टरांना दाखवच. कातडी खरचटून जंतू आत शिरले, तरी हीच पिशवी सुजते. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकोकस जातीचे असतात. मग ती लाल होते, गरम लागते, ताप येतो. तिथे अँटिबायोटिक लागतं, नुसती विश्रांती पुरत नाही. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे खडे साचून सूज येते. र्‍हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. हातापायांचे छोटे सांधे दोन्हीकडे दुखतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात. तुझ्यात तसं काही दिसत नाही. शंका असेल तर डॉक्टर सुईने थोडा द्रव काढून तपासायला पाठवतील. त्याला घाबरू नकोस, खडे की जंतू ते त्यातच कळतं. एक्स-रेत हाड दिसतं, पिशवी नीट दिसत नाही. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून गप्प बसू नकोस.

तोवर कोपर टेकवणं बंद. टेकवावंच लागलं तर खाली मऊ गादी घे. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं धर, थेट कातडीवर नको. चोळायचं नाही, आणि घरी सुईने फोडण्याचा उद्योग तर मुळीच करू नकोस. इबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी सूज उतरते, पण तुला अल्सरचा त्रास होऊन गेलाय, तेव्हा मनाने घेऊ नकोस. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघाला, तर आधी जंतुसंसर्ग नाही ना, एवढं विचारून घे.

मध्यंतरी तिथे खरचटलं होतं का, अंगात कणकण आहे का, हे तू लिहिलंच नाहीस. यातलं काही असेल तर माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नकोस, आजच दाखवून ये आणि मला फोन कर.

तुझा,
अविनाश