लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नसते, हे कोण सांगणार?

महोदय,

काल आपल्या पुरवणीतला रक्तवाढीच्या आहाराचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो रागाने. पालक, गूळ, खजूर, अळीव अशी लांबलचक यादी आहे, पण हे लोह अंगी लागते कसे, यावर एक ओळही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या तक्त्याप्रमाणे बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम पालकात ते असते तीनेक मिलिग्रॅम, आणि त्यातलेही फार थोडे शोषले जाते. वरून लिंबू पिळले तर जास्त मिळते, एवढे तरी लिहायचे!

माझी मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन 8.4 होते. दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, दोन्हींपुढे सकाळची खूण. गोळीने तोंडाला गंजासारखी चव येते म्हणून ती दोन्ही गोळ्या आल्याच्या चहाबरोबर घ्यायची. चहा मीच करून देत होते. पाच आठवड्यांनी तपासले तर 8.5. दवाखान्यात तिलाच विचारले, गोळ्या नियमित घेत नाहीस का? पोर रस्ताभर रडत घरी आली.

घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या, आमच्या गल्लीतल्या आशाताई, दोन दिवसांनी आल्या. ओट्यावर चहाच्या कपाशेजारी दोन्ही पाकिटे पाहून म्हणाल्या, "काकू, इथंच चुकतंय. चहा आणि कॅल्शियम लोह नीट अंगी लागू देत नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा तास-दीड तासाने. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. आणि शौचाला काळी झाली तर घाबरून गोळी सोडू नका." महिन्याभराने हिमोग्लोबिन 9.7 झाले. गोळ्या त्याच होत्या.

मी शाळेत शिकवत असताना आम्ही मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायचो. उपाशीपोटी घेतल्याने काहींना मळमळायचे, की दुसऱ्या दिवशी आया यायच्या, "आमच्या पोरीला देऊ नका" म्हणून. तिथेही समजावून सांगणारे कुणी नव्हते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा 48 होता. गोळ्या वाटूनही आकडा वाढतो, तर त्या घेतल्या कशा जातात हे कुणीतरी विचारायला नको का?

आणखी एक. त्याच लेखाखाली रक्तवर्धक टॉनिकची अर्ध्या पानाची जाहिरात आहे. एका चमच्यात लोह किती मिलिग्रॅम, हे तिच्यात कुठेही नाही. बाळंतिणींच्या घरचे लोक अशा बाटल्यांवर पोटाला चिमटा काढून पैसे घालतात. आरोग्याच्या लेखाला चिकटून तरी अशी जाहिरात छापू नका.

पुढच्या पुरवणीत त्याच जागी, मोठ्या अक्षरात, गोळी कधी आणि कशाबरोबर घ्यायची एवढेच छापा. कात्रण घरोघरी दाखवायला आमच्या आशाताई तयार आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा