जुनी वाचनालये पाहण्यासाठीही खुली असावीत

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातील जुन्या वाचनालयांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा अपुरे अनुदान, तुटपुंजे वेतन आणि घटती सभासदसंख्या एवढ्यापुरते असते. हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकारवाणीने बोलणारे लोक शहरात आहेत. मला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल : ही वाचनालये ज्या वास्तूंत आहेत, त्या वास्तू एखाद्या सामान्य नागरिकाला आतून पाहायच्या असतील, तर त्याची सोय काय?

गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय पाहण्याचा योग आला. उभी नोकरी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून केलेली असल्यामुळे, तिथल्या ग्रंथांइतकेच माझे लक्ष पाहुण्यांना आत घेण्याच्या पद्धतीकडे होते. तिकीट काढायचे, ठरलेल्या वेळी मोजक्या मंडळींच्या गटात उभे राहायचे, आणि वाटाड्याबरोबर सुमारे अर्ध्या तासात १४८८ साली पूर्ण झालेले डिव्हिनिटी स्कूलचे, म्हणजे जुन्या धर्मशास्त्र-शाळेचे, दगडी कमानींचे दालन आणि तिच्या वरच्या मजल्यावरचे ड्यूक हम्फ्री वाचनदालन पाहून बाहेर यायचे. वरच्या दालनात छायाचित्रे काढता येत नाहीत आणि वाटाड्या तिथे जवळजवळ कुजबुजत बोलतो, कारण ते आजही वाचनदालनच आहे. ग्रंथालयाचा एकूण संग्रह सव्वा कोटीच्या वर गेला आहे, त्यातला मोठा भाग स्विंडनजवळच्या कोठारात ठेवलेला आहे. तरीही या जुन्या दालनाचे निव्वळ संग्रहालय होऊ दिलेले नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

या दालनातली एक बाब ग्रंथालयाच्या धंद्यातल्या माणसाला विशेष भावेल. पूर्वी तिथले मोठे ग्रंथ साखळीने कपाटाला जखडलेले असत. साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला अडकवलेली असल्यामुळे ग्रंथ आज आपण ठेवतो त्याच्या उलट, म्हणजे पाठ आत आणि पानांची कड बाहेर, असे लावावे लागत. पाठीवरचे नाव दिसण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून कोणता ग्रंथ कुठे आहे याची यादी कपाटाच्या टोकाला चौकटीत लावलेली असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या साखळ्या काढण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे साखळ्या कधी नव्हत्या, पण कुलूपबंद काचेची कपाटे आणि हरवलेल्या किल्ल्या यांनी तेच काम चोख बजावले आहे.

या ग्रंथालयाचा इतिहास वाटतो तितका अखंड नाही. ड्यूक हम्फ्री या पंधराव्या शतकातल्या इंग्रज राजपुत्राने दिलेली पावणेतीनशेहून अधिक हस्तलिखिते सोळाव्या शतकाच्या मध्यावरील धर्मसुधारणेच्या लाटेत उधळली गेली आणि १५५६ मध्ये दालनातले लाकडी सामानदेखील विकून टाकण्यात आले. पुढे चाळीसेक वर्षे ती जागा ग्रंथालय म्हणून उरलीच नव्हती. १५९८ मध्ये सर टॉमस बॉडली या निवृत्त मुत्सद्द्याने स्वखर्चाने ते पुन्हा उभे करण्याची तयारी दाखवली आणि १६०२ मध्ये ते नव्याने उघडले. (त्यांच्या पत्नीचा पहिला नवरा माशांच्या व्यापारात गबर झालेला होता आणि तो पैसा या कामी आला; नाव मात्र फक्त बॉडलींचेच लागले.) ग्रंथ बाहेर न्यायचा नाही हा नियम त्यांनी इतका पक्का केला की १६४५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवले, तेव्हा ग्रंथपालाने नियमावली पुढे केली आणि राजाने मागणी मागे घेतली. एखाद्या पदाधिकाऱ्याची चिठ्ठी आली की संदर्भग्रंथ निमूटपणे घरपोच करावा लागलेल्या आमच्यासारख्यांना हा प्रसंग ऐकताना काय वाटले असेल, हे सांगायला नको.

याहूनही बोलका प्रसंग शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील पहिल्या एकत्रित आवृत्तीचा आहे. तिची प्रत प्रकाशनानंतर लगेचच बॉडलियनमध्ये आली होती. नंतरची आवृत्ती निघाल्यावर जुनी प्रत अनावश्यक ठरली आणि ती विकली गेली असे मानले जाते. आपल्या भाषेत तिचे निर्लेखन झाले. १९०५ मध्ये एका विद्यार्थ्याने घरातले जुने पुस्तक ग्रंथालयात दाखवायला आणले, तेव्हा ती हीच प्रत असल्याचे उघड झाले. एका अमेरिकी संग्राहकाने तिला तीन हजार पौंड देऊ केले होते. ग्रंथालयाकडे तेवढी रक्कम नव्हती, म्हणून माजी विद्यार्थ्यांना व जनतेला आवाहन करून वर्गणी जमवण्यात आली आणि १९०६ मध्ये ती प्रत परत घेतली गेली. ज्यांना ग्रंथालय आपले वाटत होते, त्यांनीच खिशात हात घातला.

आता आपल्याकडे पाहू. १९५६ पर्यंत नागपूर हे आधी मध्य प्रांताच्या आणि नंतर तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. इथल्या विद्यापीठाची स्थापना १९२३ मधली आणि काही महाविद्यालये त्याच्याही आधीची. अशा शहरातल्या जुन्या वाचनालयांच्या कपाटांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी ग्रंथ शेजारी शेजारी असतात, आणि जुने अहवाल व गॅझेटिअरही तिथेच सापडतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदानाची आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीची व्यवस्था लावून दिली, पण वास्तू लोकांना दाखवण्याचा विचार सहसा कुणी केलेला दिसत नाही. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात मी नातवंडांना केवळ दालन दाखवायला घेऊन गेलो होतो. “सभासद आहात का? नाही? मग काम काय?” एवढीच चौकशी झाली आणि आम्ही जिना उतरलो. त्या कर्मचाऱ्याचा दोष मी मानत नाही, कारण पाहायला आलेल्या माणसाचे काय करायचे हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते.

दारातून जेवढे दिसले, त्यात उन्हाळ्यातला कूलर थेट ग्रंथांच्या कपाटांकडे तोंड करून ठेवलेला होता. आपल्या उन्हाळ्यात वाचकाला गारवा हवाच, पण ती ओलसर हवा कागदाला सोसत नाही : पाने फुगतात, बांधणी सुटते आणि बुरशी धरते. बाहेरची चार जाणती माणसे महिन्यातून एकदा जरी त्या दालनातून फिरली, तरी कूलरची दिशा बदलायला कोणत्याही अनुदानाची गरज पडणार नाही.

म्हणून शहरातील जुन्या ग्रंथालयांच्या विश्वस्तांना आणि विद्यापीठ व महाविद्यालयांच्या प्रशासनाला माझी विनंती आहे की, महिन्यातल्या एका रविवारी, वाचकांना त्रास होणार नाही अशा बेताने, दहा-बारा जणांच्या गटाला अर्धा तास आपली वास्तू दाखवावी. सोबत दाखल नोंदवहीचे, म्हणजे आलेला प्रत्येक ग्रंथ जिच्यात नोंदतात त्या वहीचे, पहिले पान आणि देणगीदारांच्या नावांचा फलक दाखवला, तरी शहराचा बराच इतिहास कळेल. माफक शुल्क घेण्यास हरकत नाही. माहिती सांगायला माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल विनामोबदला येतील, निदान मी तरी येईन. सुरुवात भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, म्हणजे १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या निमित्ताने करता येईल. ते दिवस भर पावसाचे असतात आणि छत गळत असेल तर पाहुण्यांना तेही दिसेल, अशी अडचण काही विश्वस्त काढतील. माझ्या मते तारीख तीच ठेवण्याचे ते आणखी एक कारण आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
धरमपेठ, नागपूर