शोभेच्या झाडाला वीज कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील हेरकथा रंगली खरी, पण तिच्यातले झाड काही पटले नाही. दूतावासाच्या दालनात कुंडीतला फायकस, खोडात कॅमेरा, मातीत मूठभर बॅटऱ्या आणि तीन महिने अखंड थेट प्रक्षेपण! कॅमेरा लपवणे हा यातला सोपा भाग. त्याला एक-दोन मिलिमीटरचे छिद्र पुरते. घोडे अडते ते विजेपाशी.

वाय-फायवरून चित्र पाठवणारा छोटा कॅमेरा साधारण दीड वॅट खातो. टॉर्चमध्ये असतो तो 18650 जातीचा लिथियम सेल (3.7 व्होल्ट, 3000 मिलिअँपिअर-तास) सुमारे 11 वॅट-तास देतो, म्हणजे जेमतेम सात तास. तीन महिन्यांसाठी जवळजवळ 300 सेल लागतील, वजन 14 किलोच्या आसपास. एवढे सेल कोंबल्यावर मुळांना जागा किती उरणार? शिवाय पाणी घातले की तळाशी ओल साचते आणि जोडण्या गंजू लागतात. पानांच्या आकाराचे सौर पत्रे लावावेत, तर भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो आणि दालनात तीन-पाचशे. तळहाताएवढा पत्रा तिथे काही मिलिवॅटच देईल.

त्यात फायकस भारी नाजूक मनाचा. जागा बदलली की पाने गाळतो, रुळला की नवी पालवी उजेडाकडे झुकते आणि एखादे पान नेमके भिंगासमोर येते. प्लॅस्टिकचे झाड ठेवले तर धूळ चहाडी करते: सगळे झाड मळकट आणि भिंगापुढची दोनच पाने पुसलेली! खोडाला चिकटवलेला मायक्रोफोनही माणसांच्या बोलण्याआधी एसीच्या झोतातली सळसळच टिपतो.

ज्यांनी हे खरोखर केले त्यांनी आधी विजेचाच विचार केला होता. 1945 साली मॉस्कोत अमेरिकी राजदूताला भेट मिळालेल्या लाकडी राजमुद्रेत बॅटरीच नव्हती. बाहेरून रेडिओलहर सोडली की आतला पातळ पडदा बोलण्याबरोबर थरथरे आणि परतणाऱ्या लहरीत ते बोलणे उतरे. राजमुद्रेत दडवलेली ही करामत 1952 साली उघडकीस आली. सत्तरच्या दशकात सीआयएने मॉस्कोजवळच्या रानात ठेवलेला खोटा बुंधा उन्हावर चाले. तो ऐकायचा माणसांचे बोलणे नव्हे, लष्करी रेडिओ संदेश. पहिल्या महायुद्धातली पोलादी टेहळणी-झाडे तर साधी. खऱ्या वठलेल्या झाडाची मापे घेऊन हुबेहूब नक्कल करायची, तोफांच्या गदारोळात रात्रीतून मूळ झाड पाडून ती उभी करायची आणि आत शिडीवरून माणूस चढवायचा. वीज लागतच नव्हती.

कथानायक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भरदिवसा भिंग शोधतो, तेही चुकले. मोबाइलमध्ये फार तर अंधारातला इन्फ्रारेड दिवा दिसेल. भिंगासाठी टॉर्च डोळ्यालगत धरून पाने सावकाश न्याहाळावी लागतात. बारीकसा चमचमता ठिपका परत येतो.

लेखकाने प्रक्षेपण वगळून हालचाल झाली तरच कार्डावर चित्रण होते असे दाखवले असते, तर सेल बरेच दिवस पुरले असते आणि रेडिओ शोधणाऱ्या यंत्रालाही काही सापडले नसते. कार्ड बदलायला मात्र कुणीतरी यावे लागते. कथेत दर गुरुवारी झाडाला पाणी घालायला येणारा माळी आहेच. त्याच्याकडे लेखकाचे लक्षच गेले नाही.

— सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रातील दोन वाचक