शेजाऱ्यांनी ठेवलेली नावं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. एकट्या जर्मनीला इतकी नावं कशी, हा तुझा एका ओळीचा प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सुरुवात जर्मनीपासून करून चालणार नाही, सिंधूपासून करावी लागेल.

आधी एक करून बघ. 'स' म्हण आणि तो लांबव. जिभेचं टोक वर दातांमागे येतं आणि अरुंद फटीतून हवा घासत जाते. आता श्वास तसाच चालू ठेवून जीभ सैल सोड. उरतो तो 'ह'. प्राचीन इराणी भाषांत शब्दाच्या सुरुवातीला आणि दोन स्वरांच्या मध्ये नेमकं हेच झालं. आपला सोम तिकडे हओम, असुर तिकडे अहुर, सप्त तिकडे हप्त. 'हफ्ता' हा आपण रोज वापरतो तो शब्द त्याच घराण्यातला, आपल्या 'सप्ताहा'चा भाऊबंद. मग सिंधूचं हिंदू होणं ओघानंच आलं. नुसत्या सारखेपणावरून कोणी एखाद्या नावाची व्युत्पत्ती सांगितली तर विश्वास ठेवू नकोस. तोच बदल शब्दामागून शब्दांत दिसावा लागतो, तेव्हाच तो खरा.

इराणचा सम्राट पहिला डरायस (इ.स.पू. 522 ते 486) याच्या इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात त्याच्या ताब्यातल्या मुलखांची यादी कोरलेली आहे. तीत 'हिंदुश' आहे. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावरच्या ग्रीकांनी हे नाव उचललं, पण त्यांच्या आयोनियन बोलीतून 'ह' केव्हाच गेला होता, म्हणून त्यांनी 'इंडोस' म्हटलं. तिथून लॅटिन, तिथून इंडिया. एका कानात 'स'चा 'ह' झाला, दुसऱ्या कानात तोही गळाला.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याच यादीत 'यउना'ही आहे, म्हणजे तेच आयोनियन! पूर्वेकडच्यांना ग्रीकांपैकी आधी भेटले ते हे किनाऱ्यावरचे, म्हणून त्यांचं नाव साऱ्या ग्रीकांना लागलं. संस्कृतात यवन, अरबी-फारसीत यूनान, आणि त्यातूनच युनानी वैद्यक. ते लोक स्वतःला म्हणतात हेलेन. 'ग्रीक' हे नाव पसरलं रोमनांच्या लॅटिनमधून.

आता तुझी जर्मनी. तिथेही जो आधी भेटला त्याचं नाव सगळ्यांना. फ्रेंचांच्या शेजारी अलेमानी टोळी होती, म्हणून 'आलमान्य'. फिनलंडच्या लोकांना सॅक्सन ठाऊक, म्हणून 'साक्सा'. जर्मन स्वतःला 'ड्यॉइच' म्हणतात, त्याच्या मुळाशी 'लोक' हाच शब्द आहे. ड्यॉइच म्हणजे आपल्या लोकांचं, लोकभाषेचं.

रशियन, पोलिश अशा स्लाव्ह भाषांनी मात्र जर्मनांना 'नेमेत्स' म्हटलं, आणि त्या शब्दाचं मूळ 'मुका' या अर्थाचं. ज्याचं बोलणं कळत नाही तो मुकाच! स्लाव्ह हे नाव बहुतेक अभ्यासक 'स्लोवो', म्हणजे 'शब्द', याच्याशी जोडतात. आम्ही बोलणारे, ते मुके. हा शब्द इतका फिरला की अरबीत आजही ऑस्ट्रियाला 'अन्‌-नमसा' म्हणतात. ग्रीकांनाही परक्यांचं बोलणं नुसतं 'बर्बर' ऐकू यायचं, त्यावरून 'बार्बारोस'. आपल्याकडचा 'म्लेच्छ'सुद्धा अस्पष्ट, अशुद्ध बोलणारा या अर्थाचाच. आपण तरी वेगळे कुठे होतो?

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. लोकांच्या नावांचा इतिहास वाचताना ते अंतर किती कमी आहे ते जाणवतं आणि मन कष्टी होतं.

वेल्सचंच बघ. जुन्या जर्मानिक भाषांत रोमन आणि केल्टिक लोकांना, म्हणजेच परक्यांना, एक शब्द होता, साधारण 'वाल्ह'. वेल्स त्यातून आलं, बेल्जियममधले वालून त्यातून, रोमानियातलं वालाकिया त्यातून. कॉर्नवॉलमधला 'वॉल'ही तोच, त्याचा भिंतीशी काही संबंध नाही. इतकंच काय, वॉलनट म्हणजे अक्रोडही मुळात 'परकं फळ'. पोलिश लोक आजही इटलीला 'व्वोही' म्हणतात, तेही याच मुळातून. अँग्लो-सॅक्सन या जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांना त्यांनी परके म्हटलं. आज साऱ्या जगाच्या नकाशावर तेच नाव छापलेलं असतं.

वेल्श लोक स्वतःच्या देशाला काय म्हणतात, ठाऊक आहे? 'कम्री'. जुन्या ब्रिटॉनिक भाषेतला 'कोम्ब्रोगी' हा त्याचा पूर्वज, आणि त्याचा अर्थ 'एकाच मुलखातले सोबती'.

तुझाच,
बाळपणीचा दोस्त